गाळलेले ठिपके

रुग्णवाहिकांच्या कचेरीत तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. प्रत्येक गाडीत एक यंत्र, चालकाच्या कमरेला दुसरं. दर पाच सेकंदांनी आपली जागा कळवणारं. तीन वर्षांचे कोट्यवधी ठिपके! त्यांतून वेळ कुठे वाया जातो ते हुडकायचं, हे तिचं काम. घरी चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत फिरायची, ते सोडा.

एका सोमवारी तिचाच अहवाल साहेबांनी टेबलावर आपटला. "सात नंबरची गाडी टेकडीच्या वळणावर दर वेळी वीस मिनिटं उभी! रोगी तळमळतोय आणि हा महाभाग गप्पा छाटतोय. उद्याच घरी बसवतो."

महाभाग म्हणजे चालककाका, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. "वर गाडी जात नाही साहेब, आम्ही चालत जातो," एवढंच ते म्हणाले. पण नकाशात तर टेकडीवरच्या वस्तीपर्यंत चांगला रस्ता होता. काकांचं कोण ऐकणार?

अहवाल ठिपकेबाईचा, बळी काकांचा. तिला डबासुद्धा उघडवेना. आणि एकदम तिने कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई! रस्त्याबाहेरचा ठिपका म्हणजे यंत्राची चूक, तो गाळायचा, हा नियम तिनेच घातला होता की! तिने काकांच्या कमरेच्या यंत्राचे गाळलेले ठिपके परत आणले. एका फेरीचे बघावेत तर नुसता पसारा. पण तीनशे फेऱ्या एकावर एक ठेवल्या, तशी वळणापासून वस्तीपर्यंत सरळ रेघ उमटली. चढताना भराभर, उतरताना जपून. रोग्याला उचलून माणूस असाच उतरतो! ती खुर्चीतून उठून चक्क नाचली.

"चूक माझी होती, काका."

"असू दे गं पोरी. साहेबांना पटलं म्हणजे झालं."

साहेब कसले ऐकतात! "रेघोट्या नकोत, जागा दाखवा." दुसऱ्या दिवशी सकाळी बडतर्फीचं पत्र खिशात घालूनच ते काकांच्या गाडीतून वळणावर आले, सोबत ठिपकेबाई आणि काकांचा जोडीदार. नकाशातल्या रस्त्याचा पत्ताच नाही, समोर अरुंद बोळ आणि पायऱ्याच पायऱ्या. साहेब तावातावाने निघाले. साठाव्या पायरीला तोंडाला फेस आला. शंभराव्या पायरीवर त्यांनी बसकण मारली आणि धापा टाकत पत्राचे चार तुकडे केले. ठिपकेबाईला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

काकांनी शांतपणे जोडीदाराला हाक मारून स्ट्रेचर उघडलं.

"झोपा साहेब," ते म्हणाले. "वर नेऊ की खाली?"