आधी छत, मग भिंत

नसरीन मॅडमच्या भावाचा फोन आला तेव्हा मी दारव्ह्याच्या स्टँडवर, शाळेकडे जाणारी जीप भरायची वाट बघत होते. "आपा गेली," एवढंच तो म्हणाला. यवतमाळच्या दवाखान्यात त्यांचं हृदय थांबलं होतं. तेव्हापासून काही आठवडे झाले, पण आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या या मुख्याध्यापिकेबद्दल लिहायचं म्हटलं की मी अडते. कारण त्या एका बैठकीविषयी लिहिल्याशिवाय त्यांच्याविषयी लिहिता येत नाही.

मेकॅनिक बापाची ही मुलगी. शाळेची मोटर बंद पडली की पदर खोचून स्वतःच पाना घेऊन बसायची. मोठ्याने हसायची, मोठ्यानेच रागवायची. शाळेच्या आवारातच अंगणवाडी; तिथल्या चिमण्या पोरांना त्या आपल्याच पटावरची समजत. काही वर्षांपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीने आधी काय सुधारायचं ते ठरवायचं होतं आणि एकाच कामाला मंजुरी मिळणार होती. अंगणवाडीचं छत पावसाळ्यानंतर सुटत चाललं होतं. दुसरीकडे शाळेसमोरचा आर्णीकडे जाणारा रस्ता रुंद झाला होता आणि आवाराला भिंत नव्हती.

समितीत सुनीता होती, अंगणवाडीतल्या परीची आई. त्या बैठकीत ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, माहं घर रस्त्याच्या त्या अंगाले. गाड्या कशा पळून राह्यल्या, तुमी पाह्यता ना? भिंत आधी करा." नसरीन मॅडमनी शांतपणे सांगितलं, "सुनीता, तुहीच पोट्टी त्या छताखाली बसते. पोपडे पडून राह्यले तिथं. छत आधी होऊ दे. रस्त्यावर आमी लक्ष ठेवू." सगळ्यांनी हात वर केले, शेवटी सुनीतानेही. मी आजही म्हणेन की ते छत खरोखरच जीवघेणं होतं.

छत झालं. नव्या छताखाली पोरं गाणी म्हणू लागली. आणि कापसाच्या हंगामात एका दुपारी अंगणवाडी सुटताना परीला रस्त्यापलीकडे आई दिसली. सेविका दुसऱ्या पोराची चप्पल शोधत होती, शिक्षक कमी म्हणून मॅडम चौथीच्या वर्गावर होत्या. परी धावली. कापसाने भरलेली पिकअप होती... सुनीताच्या डोळ्यांसमोर.

परी गेली त्या संध्याकाळी आम्ही सुनीताच्या घरी गेलो. सुनीता रडत नव्हती. तिने मॅडमकडे बघून विचारलं, "तुमी म्हनलं होतं ना, लक्ष ठेवू म्हनून?" मॅडम तिथेच जमिनीवर बसल्या. त्यानंतर सुनीता त्यांच्याशी कधी बोलली नाही. समितीही तिने सोडली.

मॅडमच्या भावाने त्यांना बदली मागायला सांगितलं. "जाऊ कुठं?" मॅडम मला म्हणाल्या. "दुसऱ्या शाळेत काय मी दुसरी बाई होईन का?" दुसऱ्या दिवसापासून त्या शाळा सुटताना रस्त्यावर उभ्या राहू लागल्या. एकेका पोराचा हात धरून पलीकडे सोडायच्या. पुढे भिंत झाली, फाटक लागलं, तरी त्यांचं उभं राहणं सुटलं नाही. डॉक्टरांनी उन्हात जाऊ नका म्हणून बजावलं होतं. मी एकदा चिडून म्हटलं, "आपा, आता तरी बस करा!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांचं ते मोठ्याने हसणं मात्र आम्हाला परत ऐकू आलं नाही.

त्या गेल्यावर आम्ही शिक्षक आळीपाळीने रस्त्यावर जात होतो. मागच्या आठवड्यात माझी पाळी असताना मला वर्गातून निघायला उशीर झाला. धावत फाटकाबाहेर आले तर पोरं रस्ता ओलांडत होती. मधोमध सुनीता उभी होती, एका मोटारसायकलवाल्याला हात आडवा करून थांबवत. शेवटची मुलगी पलीकडे पोहोचली तसा तिने हात खाली घेतला.

"सुनीता..." मी हाक मारली.

तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. "मॅडम नाही ना आता," ती म्हणाली. "कोनी तं पाह्यजे."