सुभेदारांना अध्यक्ष करावं की नाही

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. मंडळाच्या हॉलबाहेर पायऱ्यांवर चार म्हातारी माणसं रोज संध्याकाळी टेकली, की वर्षात पोतंभर होतात! आमचं मंडळ हैदराबादच्या विद्यानगरातलं, मराठी माणसांचं. त्यातले सुभेदारांचे किस्से मी वर्षभर हसून हसून सांगितले. आज सांगते, पण हसू येत नाही.

*

गेल्या साली जुने अध्यक्ष लेकाकडे बेंगळुरूला राहायला गेले. आमचे सेक्रेटरी सुधाकरराव म्हणाले, "वाघमारे सुभेदारांचं नाव कसं वाटतं? फौजेतून रिटायर झालेला माणूस. मंडळाला शिस्त लागेल."

पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसणाऱ्या वत्सलाबाई म्हणाल्या, "म्हणून तर नक्को!"

त्या दिवसापासून आम्ही पायऱ्यांवर बसून सुभेदारांना पारखायला लागलो. सून बघतात तसं! चालणं कसं, बोलणं कसं, घरचे कोण. ते बिचारे समोर नसायचे, एवढंच.

*

एकदा मीटिंग सहाला ठेवली. आमच्याकडचे सहा म्हणजे साडेसात, हे हैदराबादेत पोराटोरांना ठाऊक आहे. सुभेदार पावणेसहाला हजर. माणूस नाही, काणूस नाही. त्यांनी हॉल झाडला, खुर्च्या रांगेत लावल्या, पाणी भरून ठेवलं.

आम्ही साडेसातला पोचलो, तर उभं राहून म्हणतात, "जय भीम. माफ करा, मीच जरा लवकर आलो!"

आम्ही सगळ्यांनी "नमस्कार, नमस्कार" केलं. उलट जय भीम म्हणायला एकाचीही जीभ वळली नाही. तेव्हा हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

*

मग ते घरोघर गेले. "अध्यक्षाला उभा राहू का?" असं सरळ विचारायचे. जो तो म्हणाला, "हौ!" मीही म्हणाले, "हौ, हौ, राहा की."

त्यांचा जन्म इथल्याच गौलीगुड्यातला, पण सगळी उमर सरहद्दीवर गेली. हैदराबादी हौ म्हणजे 'ऐकलं बाबा', हे विसरूनच गेले होते! त्यांची बायको कमल सांगायला लागली, "अहो, इथल्या हौला हो समजू नका." तर म्हणाले, "एवढी मोठी माणसं तोंडावर खोटं कशाला बोलतील?"

हा किस्सा मी लग्नाकार्यात किती वेळा सांगितला असेल! लोक पोट धरून हसायचे.

*

पायऱ्यांवर मात्र कारणं शोधणं चालूच. एक म्हणे आवाज मोठा. दुसरा म्हणे गुडघा दुखतो, जिने कसे चढणार? आता हॉल तळमजल्यावर, जिना कुठला काढला देव जाणे!

मग सुधाकरराव हळूच म्हणाले, "गणपतीच्या पूजेला आपल्याकडे अध्यक्ष बसतो…"

प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट, पण बोलायचं कुणी?

तेवढ्यात एक गोड आवाज आला, "ते बौद्ध आहेत. त्यांना पूजा चालत नसेल. उगीच भल्या माणसाला कशाला अडचणीत टाकायचं?"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वा, किती समजूतदार बोलणं!

तो आवाज माझा होता. आणि सुभेदारांना जाऊन विचारावं, असं मलाही सुचलं नाही.

*

अध्यक्ष निवडायच्या मीटिंगच्या दिवशी त्यांनी अर्ज दिला. सूचक म्हणून शेजाऱ्याची सही होती, अनुमोदकाची जागा कोरी. सुधाकररावांनी विचारलं, "अनुमोदन कोण देतंय?" सगळे वर पंख्याकडे बघायला लागले.

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. "आजी?"

मी म्हणाले, "अगं बाई, मला अडाणीला कुठं सही येते!"

हॉल हसला. दर महिन्याला बँकेत पेन्शनसाठी मी सही करते. नातीनं शिकवली आहे, वेलांटीसकट.

ते शांतपणे म्हणाले, "अंगठाही चालतो, आजी."

मी हात पदराखाली घेतला.

सुभेदारांचा अर्ज बाद झाला. दुसरा अर्ज सुधाकररावांचाच होता, ते बिनविरोध अध्यक्ष झाले. पहिली टाळी सुभेदारांनी वाजवली.

*

महिनाभर मला अन्न गोड लागेना. शेवटी गेले त्यांच्या घरी. कमलनं चहा ठेवला. मी म्हणाले, "सुभेदार, मी खोटं बोलले. सही येते मला."

"ठाऊक आहे. बँकेच्या लाइनीत तुमच्या मागेच होतो एकदा."

जमीन फाटेल तर बरं, असं झालं. तरी तोंडातून निघालंच, "एक विचारू? अध्यक्ष झाला असता, तर पूजेला बसला असता का?"

ते उठले. कपाटातून घडी घातलेला कागद काढला. निवडून आलो तर काय काय करायचं, ते लिहून ठेवलं होतं. मला वाचता येत नाही, म्हणून त्यांनीच वाचलं.

"एक. हॉलचा नळ दुरुस्त करणे. दोन. पोरांना रविवारी मराठी वाचायला शिकवणे. तीन. गणपतीच्या पूजेला अध्यक्षाने न बसता मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदाने बसावे. कंसात, आजी."

मी म्हणाले, "अहो, माझे मालक जाऊन एकोणीस वर्षं झाली. मला कुणी त्या पाटाजवळ तरी येऊ दिलं असतं का?"

सुभेदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सीनियॉरिटी, आजी. सीनियॉरिटीत आणखी काय बघायचं असतं?"