फ्रीसनच्या नावची नऊ मिनिटं

लोरेन प्रोकोपचुक एकोणीस वर्षं मृदाशास्त्र शिकवत होती, तीही दर वर्षी नव्या करारावर. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या एका विद्यापीठात कायम नोकरीची मंडळी विद्यार्थ्यांच्या अहवालावर दोन शब्दांचा शेरा मारून मोकळी व्हायची. ही बाई प्रत्येक अहवालावर बोलायची, आणि खरोखरच तोंडाने बोलायची. रविवारी घरी संगणकावर अहवाल उघडायचा, माइक चालू करायचा आणि विद्यार्थी समोर बसलाय असं समजून चूक कुठे, का, सुधारायची कशी, हे तीन-चार मिनिटं सांगायचं. ते बोलणं गुणांसोबत ज्याच्या त्याच्या खात्यावर पोचायचं. या मेहनतीचा तिला भारी अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी, पाठवून झालेल्या यादीवरून तिने सहज नजर फिरवली. सगळ्यांच्या नावापुढे तीन मिनिटं, चार मिनिटं. ड्वेन फ्रीसनपुढे मात्र नऊ. एवढं आपण काय बोललो, म्हणून तिने ऐकायला घेतलं. चौथ्या मिनिटाला तिचं सांगून संपलं, पण आवाज चालूच राहिला. माइक बंद करायचा राहिला होता. मग भांड्यांची खडखड, आणि नवऱ्याचा, बोहदानचा, आवाज: "अजून त्या पोरांचंच चाललंय का?"

"पोर कसला, एक्केचाळीस वर्षांचा घोडा आहे," ती म्हणत होती. "पोटॅशची खाण सोडून आलाय शिकायला. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी. खाणीत होता तेच बरं होतं."

लोरेनने ऐकणं तिथेच थांबवलं. चौतिसावा अहवाल तपासून वैतागलेल्या बाईचं ते बोलणं होतं, दुसरं काही नाही. उलट वर्गात हा एकच माणूस तिला मनापासून आवडायचा. पण ते तिने कुठे बोलून ठेवलं होतं? आणि अर्ध्यावर विषय सोडायची मुदत त्याच दिवशी चारला संपत होती. हे ऐकून त्याने विषय सोडला, तर त्याला परत खाणीत ढकलणारी आपणच. तिने त्याला फोन लावला, तर तो बंद होता.

घड्याळात तीन वाजून गेले होते. बाहेर उणे तीस, तरी कोटाची बटणं न लावताच ती पटांगण ओलांडून संगणक विभागात गेली. तिथल्या नील ओस्टरमनला तिने सगळं सांगितलं आणि ते परत घेता येईल का, असं विचारलं. एकदा उघडलेलं परत घेता येत नाही, असं त्याने सांगितलं आणि नोंदी उघडल्या. कोणी किती ऐकलं, याची सेकंदासकट नोंद तिथे होती. लोरेनला हे माहीतच नव्हतं.

"कशाला जीव टांगणीला लावताय?" नील हसत म्हणाला. "ऐकतंय कोण? ही मकेना, अकरा सेकंद. हा ब्रॉडी, नऊ. पुढच्या दोघांनी उघडलंच नाही. गुण बघतात आणि पसार होतात."

लोरेन त्या आकड्यांकडे बघत राहिली. तिची रविवार-रविवारची बडबड भिंतीशी चालली होती तर. आणि तरी, लाज वाटावी अशी गोष्ट, तिला हायसं वाटलं. एवढ्यात नीलचं बोट थांबलं.

"यानं ऐकलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "फ्रीसननं. अख्खं. चार वेळा."

ती उठलीच. प्रयोगशाळेत पोचली तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. फ्रीसन कोपऱ्यातल्या टेबलाशी ओली माती बोटांत मळून तिचा पोत बघत होता. हात कोपरापर्यंत बरबटलेले.

"ड्वेन, मी जे बोलले ते चूक होतं," ती धापा टाकत म्हणाली. "तोंडाला येईल ते बोलले मी. माफ कर मला. विषय सोडलास का?"

त्याने हातातला मातीचा गोळा टेबलावर ठेवला. मग त्याने सांगितलं की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सोडायचा अर्ज भरून ठेवला होता, अजून पाठवला नव्हता. पण ओलाव्याच्या गणितातली चूक तिने तिसऱ्या मिनिटाला सांगितली होती आणि ती त्याच्या नीट डोक्यात शिरली नव्हती. म्हणून त्याने परत लावलं. मग परत, आणि आणखी एकदा.

"मग तिथंच बंद करायचंस ना," लोरेन म्हणाली.

"कसं करणार? एकदा लावलं की हात चिखलात," तो म्हणाला. "दर वेळी शेवटपर्यंत ऐकावं लागलं."

टेबलाच्या कोरड्या टोकाला दोन कागद होते. त्याने मानेनेच तिकडे खूण केली. "गणित पुन्हा केलंय. आत्ताच बघा, चारच्या आत. फक्त या वेळी लिहून द्या, लोरेन. बोलू नका."

ती स्टुलावर बसली आणि एकेक पायरी तपासत गेली. गणित बरोबर होतं. ते त्याला ओरडून सांगावं असं तिला फार वाटलं. तिने ओठ मिटून पेन काढलं आणि लिहिलं.