गळ्यात दोरा नसलेली मेंढी

बोर्ली पंचतनला आम्ही निघालो ते एडका, म्हणजे पैदाशीचा मेंढा, ठरवायला. समुद्र बघायला जाणाऱ्यांनीही हे वाचायला हरकत नाही, रस्ता तोच आहे.

मी चौलजवळ राहतो. हयातभर पंपांच्या जळालेल्या मोटारी वाइंड केल्या, आता मेंढ्या पाळतो. मेंढ्यांबद्दल जे कळतं ते बघून, वाचून, चुकून. दहा होत्या. गेल्या पावसाळ्यात तीन गेल्या. हनुवटीखाली पाणी उतरायचं, डोळे निस्तेज व्हायचे आणि चार दिवसांत खेळ संपायचा. पोटातले जंत रक्त पितात. दर महिन्याला सगळ्यांना सरसकट औषध पाजत होतो, तरी हे. मग कुठेतरी वाचलं की काही मेंढ्यांचं अंगच जंतांना वाढू देत नाही आणि तो गुण पिलांतही उतरतो. म्हटलं, तसा एडका आणावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात गोठा रिकामा होईल.

ठकूबाई धनगरणीचा कळप पूर्वी आमच्या शेतात बसायचा. भातकापणीनंतर धनगर घाट उतरून येतात, मेंढ्या शेतात बसवतात, शेताला खत मिळतं. आमच्याकडच्या शेतांचे बंगले झाले, तेव्हापासून त्या बोर्लीकडे जातात.

शुक्रवारी सकाळी स्कूटर काढली. मागे आमच्या सौ.

“येताना एडका मागे बसणार की मी?” त्यांनी विचारलं.

“त्याच्यासाठी टेम्पो बोलवू.”

“बरंय. म्हणजे मान त्याला जास्त.”

रेवदंड्याला वाळत घातलेल्या मासळीचा वास नाकात भरून घेतला, पूल ओलांडला. काशीदपर्यंत रस्ता बरा आहे, मुरूडच्या अलीकडे खड्डे सांभाळा. आगरदांड्याला फेरीबोटीत स्कूटरसकट चढता येतं. तिकीट खिशाला जड नाही, फक्त परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जातानाच विचारून ठेवा. दिघीला उतरून बोर्ली जवळच. बाजारात गरम भजी-पाव खाल्ला आणि गावाबाहेर वालाच्या शेतांपलीकडे कळप दिसला.

ठकूबाईंनी ओळखलं. “मोटारवालं दादा! वैनी, वाळलासा की वं!”

चहा झाला. मी कळपातला सर्वात देखणा एडका दाखवला. भरदार छाती, वळणदार शिंगं.

“त्यो न्हाय,” ठकूबाई म्हणाल्या. “त्याच्या आयच्या गळ्यात तीन दोरं हायती.”

मग मी नीट पाहिलं. काही मेंढ्यांच्या गळ्यात लाल लोकरीचा दोरा होता, काहींच्या दोन-तीन, पुष्कळांच्या एकही नाही. ठकूबाईंनी एक मेंढी धरून तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढली. आत लालभडक. “हिला औषिद न्हाय. दुसरी धरली, पापणी पांढरी निगाली, तर तिला औषिद आन् गळ्यात एक दोरा. जिच्या गळ्यात दोरा, तिचा ल्योक एडका म्हणून ठेवायचा न्हाय. किती बी देखणा असू दे.”

“आणि जिला कधीच दोरा नाही?”

“तिच्या पोटात काय जंत नसत्यात व्हय? असत्यात. पर ती त्यांना डोक्यावर बसू देत न्हाय.” सौंकडे बघून त्या हसल्या. “वैनींसारखी.”

कोरा गळा असलेल्या मेंढीचा एडका मी मागितला. त्या म्हणाल्या, एकच आहे, तो कळपाला हवा. “दादा, तुमच्यात बिनऔषिदाची कोन टिकली त्ये सांगा की.”

सगळ्यांना मायेनं सारखंच पाजलं होतं. कोण आपल्या बळावर उभी आहे हे बघायची सोयच ठेवली नव्हती.

“बांडी,” सौ. एकदम म्हणाल्या.

बांडी म्हणजे आमची फाटक्या कानाची, ठिपक्यांची मेंढी. हाती लागायची नाही. धरली तर औषध थुंकायची, निम्मं माझ्या शर्टावर. दोन पावसाळे तिच्या पोटात थेंब गेला नसेल. आणि वैतागून मी तीच खाटकाला द्यायचं ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी दुपारी तो न्यायला येणार होता.

खाटकाला फोन लावला, उचलला नाही. बोलण्यात रात्र झाली, त्या दिवशीची शेवटची बोट गेली होती. घरगुती मुक्कामाला खोली मिळाली, जेवायला तांदळाची भाकरी, सुकट. चव चांगली असावी. सकाळी पहिली बोट धरली, तर वाटेत टायर पंक्चर, दुकान सापडेपर्यंत दुपार. घरी पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं.

शेजारचा पांडू कुंपणावर टेकून उभा. “काका, खाटीक येऊन गेला. दोन मान्सां घाम गालून दमली, बांडी काय गावली न्हाय. उद्या येतो बोलला.”

खाटकाला उद्या येऊ नकोस असं कळवलं, तेव्हा त्यानं आनंदच मानला.

मग आम्ही दोघांनी मिळून, गुडघे सोलून घेत, बांडीला कोपऱ्यात धरली. पापणी ओढली. लाल. बाकीच्या सहापैकी तिघींच्या पापण्या फिकट, एकीची तर कागदासारखी. ही तपासणी रक्त पिणाऱ्या जंतांपुरतीच, बाकीचं गुरांच्या डॉक्टरांना विचारावं. त्या तिघींसाठी त्यांनाच बोलावलं.

एडका आणला नाही. ठकूबाईंनी लाल लोकरीचं गुंडाळं दिलं होतं, त्यातले तीन दोरे त्या दिवशीच बांधले गेले. बांडी आता गावातल्याच एडक्यापासून गाभण आहे; नर झाला तर तोच आमचा एडका. जवळ गेलं की अजून पळते. पळताना तिचा गळा दिसतो, मोकळा.