गिरकी, चाकर, पलंग

बाबांना विसरायला व्हायला लागलंय, हे घरात पहिल्यांदा आई बोलली. मी कॉलेजातून येऊन पाय धूत होते. आई पडवीत भाजी निवडत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "सकाळी यांना मीठ आनायला धाडलं, तर पीठ घेऊन आले. काल विचारलं, जेवलात काय, तर म्हनतात, कवाच गेला."

मी हसले. ती हसली नाही.

"तुझी आजी पन अशीच चालू झालेली," ती म्हणाली.

आजी शेवटी शेवटी आईलाच विचारायची, "तू कोनाची गो?" ते दिवस आईने काढले होते.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. बाबांनी उभं आयुष्य तिथे भातगिरणी चालवली. मी लहान असताना गिरणीत कुणी बोलायचंच नाही, सगळा व्यवहार हातवाऱ्यांनी. पट्टा फिरायला लागला की जमीन थरथरायची. पुढे मोठ्या रस्त्यावर नव्या गिरण्या झाल्या, आमच्या गिरणीला कुणी येईना, तेव्हा यंत्र काढून आम्ही त्या इमारतीत भिंती घातल्या आणि खोल्या केल्या. मी शहापूरला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. बाहेरून संशोधनासाठी येणाऱ्या मुलांना राहायला जागा लागते, ती विचारत माझ्याकडे येतात. त्यामुळे आमच्या गिरणीच्या खोल्यांत कोण ना कोण पीएचडीवालं असतंच.

त्या पावसाळ्यात तिघं होती. गावाने त्यांना नावं ठेवली होती आणि तीच आमच्याही तोंडात बसली. एक बेडकांवाली, कोल्हापूरकडची, कायम गमबुटात. दुसरी डॉक्टरीण. ती मुंबईच्या मेडिकल कॉलेजातून आली होती आणि शेतात राबलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीवर तिचा अभ्यास चालला होता. तिसरा मोबाइलवाला, नागपूरकडचा इंजिनिअर मुलगा. खेड्यातले वयस्क लोक मोबाइल कसा वापरतात, आवाज त्यांच्यापर्यंत नीट पोचतो की नाही, हा त्याचा विषय. त्याच्या पिशवीत नाना तऱ्हेचे इयरफोन भरलेले असत.

"बेडकांचं समजलं, आजाराचं समजलं," आई मला म्हणायची, "पन हा दिवसभर मोबाइल बघतो, याला कसली डिग्री?"

तिघंही रात्रीचं जेवण आमच्याकडे करत. एकदा बेडकांवाली सांगत होती की इथल्या झाडांवरच्या एका बारक्या बेडकाच्या अंड्यातून शेपटीवालं पिल्लू निघतच नाही, थेट पायांचा बेडूकच बाहेर पडतो. डॉक्टरीण घास हातात धरून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "याचा उपयोग काय पण?" बेडकांवालीला ते लागलं. मोबाइलवाला मध्ये पडला, तर दोघी त्याच्यावरच घसरल्या. मी गंमत बघत होते. ग्रंथालयात माझ्यासमोर प्रबंधांचं एक कपाट आहे. एक शेळ्यांच्या जंतांवर, त्याच्या शेजारचा बाळंतिणींच्या रक्तावर, खालचा कपडे धुण्याच्या मशीनवर. त्या माणसांनी कधी एकमेकांचं तोंडही पाहिलं नसेल. माझ्या स्वयंपाकघरात मात्र ते कपाटच जेवायला बसल्यासारखं वाटत होतं, आणि कुणाचं कुणाला कळत नव्हतं.

गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची चाचणी करून झाल्यावर डॉक्टरीण एका संध्याकाळी बाबांसमोर बसली. मी आतून कान देऊन होते.

"आजोबा, ऐकू नीट येतं ना?" तिने विचारलं.

बाबांनी हसून मान हलवली. ते हल्ली कशालाही हसून मान हलवायचे.

"मी तीन शब्द सांगते. ते लक्षात ठेवायचे. खिडकी, साखर, पतंग. म्हणा बघू."

बाबा क्षणभर थांबून म्हणाले, "गिरकी, चाकर, पलंग."

मला खालचा ओठ दाताखाली धरावा लागला. डॉक्टरीण शांतपणे पुढे गेली. "आता कुठला महिना चालू आहे?"

"दाना? दाना कुठला एवढ्यात! भात आता कुठं पोटरीत आलंय."

असंच चाललं. चित्र काढायला सांगितलं ते त्यांनी भलतंच काढलं. शेवटी तिने मघाचे तीन शब्द पुन्हा विचारले, बोटांनी तीन दाखवून. बाबा ताबडतोब म्हणाले, "गिरकी, चाकर, पलंग."

नंतर डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मी काही निदान करत नाहीये. पण यांना मोठ्या दवाखान्यात दाखवाच. लवकर दाखवलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात माझं लक्ष लागेना. कॉम्प्युटरवर विसरण्याच्या आजाराबद्दल वाचायला घेतलं आणि अर्ध्यात बंद केलं. डोळ्यांपुढे सारखं येत होतं की बाबा मुरबाडच्या बाजारात उभे आहेत आणि घर कुठल्या बाजूला ते त्यांना सुचत नाहीये. घरी आईला काय सांगायचं ते जमेना. मी एवढंच सांगितलं की एकदा तपासून आणू. आईला जे कळायचं ते कळलं. तिने बाबांना एकटं बाहेर धाडणं बंद केलं. बाबांना त्याचा राग यायचा, पण कारण कुणी सांगत नव्हतं, म्हणून ते गप्प बसायचे. दिवसेंदिवस ते जास्तच गप्प व्हायला लागले.

मग तो रविवार आला. सकाळपासून पत्र्यावर पाऊस आपटत होता. कुणालाच बाहेर पडता येत नव्हतं. बेडकांवाली पडवीत बाबांजवळ येऊन बसली. पूर्वी इथे कुठकुठले बेडूक होते आणि आता कुठले दिसत नाहीत, हे ती जुन्या लोकांना विचारायची. पत्र्याच्या आवाजामुळे तिला अगदी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून बोलावं लागत होतं.

आणि बाबा धडाधड उत्तरं देत होते. खाचरातला मोठा पिवळा बेडूक कुठे असतो, ओढ्याच्या दगडाखालचा कसा दिसतो, कुठला कधी ओरडतो. एकही उत्तर तिरपागडं नव्हतं. मी दारात उभी राहून ऐकत होते. मला वाटलं, जुनं लक्षात राहतं म्हणतात, तसं असेल.

"आनि एक झाडावरचा बारका होता," बाबा म्हणाले. "टिकटिक टिकटिक करायचा. ते संपले सगळे. औषधं मारतात ना आता लोक, त्यानं गेले."

"कधीपासून गेले?" ती ओरडली.

"लय वर्सं झाली."

बेडकांवालीने माझ्याकडे पाहिलं. "ताई, असं कसं? मी परवाच तुमच्या मागच्या करंजावर त्यांचा आवाज रेकॉर्ड केलाय. इतके आहेत की दुसरं काही ऐकू येत नाही."

"मला पण रोज ऐकू येतात," मी म्हणाले.

बेडकांवाली बाबांच्या कानाकडे बघायला लागली. मग ती उठली, पावसातूनच आपल्या खोलीकडे पळाली आणि तिचं रेकॉर्डिंगचं यंत्र आणि कान पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन घेऊन आली. तो तिने बाबांच्या डोक्यावर चढवला आणि एक बटण हळूहळू फिरवत राहिली. बाबा आधी नुसते बसले होते. मग त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"हायेत गो!" ते मोठ्याने ओरडले. "हायेत! कुठं व्हते हे?"

त्यांनी हेडफोन बाजूला करून मागच्या करंजाकडे कान दिला. पुन्हा लावला. पुन्हा काढला. लहान पोराला नवं खेळणं मिळावं तसं त्यांचं चाललं होतं. बेडकांवालीने यंत्राचा माइक चालू केला, म्हणजे आजूबाजूचा आवाज थेट हेडफोनमध्ये जाईल. तेवढ्यात आतून, चुलीपासून, आई नेहमीसारखी स्वतःशीच पुटपुटली, "चा प्यायची हाय का नाय, का नुसती बेडकं ऐकायची?"

बाबा मागे न बघता म्हणाले, "पिनार. आलं टाक जरा."

आई पळी हातात घेऊन दारात आली. या माणसाने तिच्या पुटपुटण्याला उत्तर दिल्याला किती काळ लोटला असेल, कोण जाणे.

मी डॉक्टरीणबाईला हाक मारली. ती आली, बाबांना बघितलं, आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. माइक हातात घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, नवे शब्द सांगते. कंदील, विहीर, चप्पल."

"कंदील, विहीर, चप्पल," बाबा म्हणाले.

महिना विचारला, बरोबर सांगितला. वार सांगितला. चित्र सांगितलं तसं काढलं. मग तिने शब्द परत विचारले, तेही बरोबर आले. आणि बाबांनी आपणहून पुढे जोडलं, "त्या दिवशी तुमी गिरकी, चाकर, पलंग बोललेलात. गिरकी समजली, पलंग समजला. चाकर कशाला ते काय समजलं नाय मला."

डॉक्टरीण त्या दिवशीचे शब्द आठवायला लागली. मग तिने ते शब्द स्वतःशीच जोड्या लावून म्हटले, खिडकी गिरकी, साखर चाकर, पतंग पलंग, आणि तिला हसू आवरेना. "आजोबा, तुम्ही काहीच विसरला नव्हतात. तुम्हाला जे ऐकू आलं ते तुम्ही अजून लक्षात ठेवलंय. स्मरणशक्ती तर माझ्यापेक्षा चांगली आहे तुमची."

मीठ आणि पीठ. जेवलात आणि गेला. माझ्या डोक्यात सगळं एकामागून एक उलगडत गेलं. मी मागल्या दाराने बाहेर पडले, धुण्याच्या दगडापाशी पागोळ्यांखाली उभी राहिले आणि पोटभर रडले. परत आले तर आईने मला कोपऱ्यात ओढलं.

"मंग डोकं नीट हाय ना त्यांचं?"

"नीट आहे. कान गेलेत फक्त."

"कान जाऊ दे गो," आई म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. "कानाचं काय एवढं." मी तिच्याशेजारी बसले, आणि चहा उतू गेला तरी दोघी उठलो नाही.

त्या दिवशी मोबाइलवाल्याची वेळ आली. त्याने आपली पिशवी पडवीत उपडी केली, बाबांच्या कानात एकेक इयरफोन घालून पाहिले आणि त्यांच्याच मोबाइलमध्ये काहीतरी असं चालू केलं की समोरच्याचा आवाज मोठा होऊन कानात पडेल. कानाच्या डॉक्टरला दाखवेपर्यंत एवढ्यावर भागवा, म्हणाला. बाबा मोबाइल सदऱ्याच्या खिशात आणि वायर कानात घालून गावभर हिंडायला लागले. लोकांना वाटायचं, म्हातारा दिवसभर गाणी ऐकतो. आई मात्र त्या मुलाच्या डिग्रीबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. त्याच्या ताटात तिने त्या आठवड्यात दोनदा सुकटीची चटणी वाढली.

कल्याणच्या कानाच्या डॉक्टरांनी बाबांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि एक आलेख हातात दिला. घरी आल्यावर तो जेवायच्या वेळी मध्ये ठेवला. डावीकडे रेघ सरळ चालली होती आणि उजवीकडे दरीत पडावी तशी खाली गेली होती. डॉक्टरीण समजावून सांगायला लागली: जाडे, घोगरे आवाज बाबांना ऐकू येतात, बारीक, चढे आवाज गेलेत, गिरणीच्या गोंगाटाने असं होतं. बेडकांवालीने त्यावर बोट टेकवलं, खाचरातला मोठा बेडूक रेघेच्या सरळ भागात येतो, झाडावरचा बारका या दरीत. मोबाइलवाला म्हणाला, म्हणजे आवाज नुसता मोठा करून चालणार नाही, फक्त हाच भाग वर उचलायला हवा. तिघांची डोकी त्या कागदावर एकत्र आली होती आणि जेवण थंड होत होतं. त्यानंतर "याचा उपयोग काय" असं आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही. डॉक्टरीण तर पुन्हा पाड्यापाड्यावर हिंडली, आधी प्रत्येकाचे कान तपासले आणि मगच शब्द विचारले. आमच्या बाबांसारखी आणखी एक म्हातारी तिला सापडली. त्या घरच्यांनी तर तिच्याशी बोलणंच सोडून दिलं होतं.

पावसाळा सरता सरता मी बाबांना घेऊन पुन्हा कल्याणला गेले आणि कानामागे लावायची यंत्रं घेऊन आम्ही आसनगाव स्टेशनला उतरलो. गावाकडे जाणाऱ्या रिक्षात बसलो. बाबांनी खिशातून मोबाइल काढला, बहिणीचा नंबर लावून मागितला आणि कानाशी धरला. आत्या मुरबाडला असते. तिचा फोन आला की हल्ली ते आईच्या हातात द्यायचे.

"कशी हायस गो?" बाबा म्हणाले. मग ऐकत राहिले. बराच वेळ ऐकत राहिले.

"आवाज बसलाय तुझा," ते म्हणाले. "सर्दी झालेय काय? मिठाच्या पान्यानं गुळन्या कर."

पलीकडे आत्या हसली असावी, कारण बाबाही हसले. मग दोघं भाताबद्दल, कुणाच्या तरी लग्नाबद्दल, कुठल्याशा गाभण म्हशीबद्दल बोलत राहिली. घाई कुणालाच नव्हती. मी मागे टेकले आणि आमचं वळण येईपर्यंत डोळे मिटून बसले.