कंडक्टरभाऊंचं हाफ तिकीट

कंडक्टरभाऊंनी मला फसवलं. माझं कुत्रं त्यांनी माझ्याच तंबूत बसून, माझ्या डोळ्यांदेखत आपलंसं केलं आणि मला कळेपर्यंत सौदा पक्का होऊन गेला होता. राजुऱ्यात कुणालाही विचारा, मी फसणारा माणूस नाही. दुसऱ्याच्या मंडपाचे बांबू खांद्यावर वाहत मी सुरुवात केली, आज माझं स्वतःचं मंडप-डेकोरेशनचं गोदाम आहे. कापडाचे व्यापारी माझ्याशी भाव करायच्या आधी पाणी पिऊन घेतात. अशा मला या माणसानं गंडवलं, तेही आयुष्यात एक खुर्चीसुद्धा फुकट न मागता.

ते बसमध्ये कंडक्टर होते. नोकरी संपली, पण बसमधून ते कधी उतरलेच नाहीत. लग्नाच्या पंगतीत हे दोन ओळींच्या मधून फिरणार आणि लोकांना म्हणणार, "सरका पुढं, मंधात जागा हाय." आमच्या जीपमध्ये बसले, की मी चावी फिरवायच्या आत डबल बेल दिल्यासारख्या पत्र्यावर दोन थापा मारणार. एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "जीप माही, डिझेल माह्यं, मंग घंटी तुमची काऊन?" ते शांतपणे म्हणाले, "गाडी कोनाचीही असो बावा, बिना घंटीची निघाली तं कोनीतरी मागं राह्यलं समज." असल्या बोलण्यावर भांडायचं तरी काय?

आता बुंदीचं सांगतो. बुंदी म्हणजे पांढरी पामेरियन कुत्री, कानांवर बदामी छटा. चंद्रपूरच्या एका माणसाकडून मी ती आणली. भाव करून करून त्याला इतकं दमवलं, की शेवटी तिची वाटीही त्यानं सोबत दिली. तोवर आमची मुलं शिकायला बाहेर गेली होती. धंदा असा, की दिवसभर ज्याला त्याला माझ्याकडून काहीतरी कमी करून हवं असतं. संध्याकाळी मी घरी आलो, की बुंदी धावत यायची. तिला मी होतो तेवढाच पुरे होतो. माझ्याकडे गोदाम आहे, दोन गाड्या आहेत, पण भाव न करता माझी झालेली एकच गोष्ट होती, ती तिची माया.

दरवर्षी पुसात, पौषाच्या थंडीत, आम्ही चौघं जण, म्हणजे मी, कंडक्टरभाऊ आणि सकाळी सोबत फिरायला येणारे दोन मित्र, आलापल्लीच्या अलीकडे तंबू टाकायला जायचो. कंडक्टरभाऊंच्या साडभावाचं, म्हणजे साडूचं, तिथं धानाचं शेत आहे. धान कापून झालं, की बांधी, म्हणजे बांधांमधला शेताचा तुकडा, मोकळी असते. तंबू माझ्या गोदामातले. त्या साली बायकोला नेमकं माहेरच्या लग्नाला जायचं होतं. बुंदीला कुठं ठेवावं, या विचारात मी होतो. कंडक्टरभाऊ म्हणाले, "घेऊन चाल ना. मी पाह्यतो तिले. तुले हात लावा लागनार नाई." मी मनात हिशेब केला, फुकटात राखणदार मिळतो आहे. फुकट आलेली पेटी आधी उघडून पाहावी, हे मी माझ्या मुलांना शिकवलं आहे. त्या दिवशी ती न पाहताच घेतली.

बांधीत पोचल्यावर मी तंबूची एक जादा खुंटी ठोकली आणि बुंदीला लांब दोरीनं बांधलं. तेवढीच फिरेल, असा विचार. जंगल दोन बांधांपलीकडे होतं. मी तंबूचं कापड ताणतो आहे तोवर कंडक्टरभाऊंनी तिची दोरी सोडली होती.

"काऊन सोडली?" मी ओरडलो.

"बांधलेलं कुतरं म्हंजे बिबटासाठी वाढून ठेवलेलं ताट. इकडच्या बसमंधी बसनारा हरेक पाशिंजर हेच सांगे. याचं कुतरं नेलं, त्याचं नेलं. सारे बांधलेले."

"मंग मोकळी सोडता काय?"

"मोकळी म्हंजे बिना तिकीट. तेही नाई."

मग त्यांनी तिचा पट्टा आपल्या डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधला, जसा पूर्वी तिकिटांच्या पिशवीचा पट्टा जपायचे तसा. दोन दिवस तो पट्टा त्यांनी कुणाच्या हाती दिला नाही. कांदा सोलताना पट्टा मांडीखाली दाबलेला, जेवताना मनगटाला, आणि बांधापलीकडे लघवीला गेले तरी बुंदी सोबत. मित्र हसून म्हणाले, "भाऊ, तिले तं लाजू द्या." ते म्हणाले, "ड्युटीवर लाज नाई."

त्यांना कुत्र्यांतलं फार कळत होतं, असं समजू नका. निम्मं ज्ञान प्रवाशांच्या गप्पांतलं होतं आणि त्यातलं बरंचसं चुकीचं. गोचीड लागू नये म्हणून त्यांनी तिच्या शेपटीला हिंग चोळला. कुण्या पाशिंजरानं सांगितलं होतं म्हणे. ती बिचारी दिवसभर शिंकत होती. पण पाणी तिला आपल्या कॅनमधलंच द्यायचं, नाल्याचं नाही. मासोळीचे काटे तंबूजवळ टाकायचे नाहीत, लांब नेऊन पुरायचे. आणि दिवस बुडायच्या आत सगळ्यांनी तंबूत यायचं. कानावर पेन्सिल खोचून ते दाराशी उभे राहायचे आणि मोजायचे, "तीन फुल, एक हाफ." मी म्हटलं, तुम्ही स्वतःला मोजत नाही का? तर म्हणाले, "कंडक्टर सीटमंधी धरत नाई." तेव्हापासून बुंदीचं नाव हाफ तिकीट पडलं. कुणी मला विचारलं नाही.

खरी चलाखी पुढेच आहे. आमच्या भागात बस फलाटाला लागली, की लोक खिडकीतून दुपट्टा, म्हणजे खांद्यावरचा पंचा, आत टाकतात. ज्याचा दुपट्टा, त्याची सीट. कितीही तालेवार माणूस असला तरी दुपट्ट्यावर बसत नाही. कंडक्टरभाऊंनी आम्ही आत शिरायच्या आधी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तंबूच्या अगदी मधोमध टाकला, कापडाच्या भिंतींपासून दूर, चौघांच्या मधल्या जागेत. म्हणाले, "ही हाफ तिकिटाची जागा." मी तिच्यासाठी नवरदेवाच्या खुर्चीची मखमली गादी आणली होती. बुंदीनं ती हुंगलीसुद्धा नाही. ती सरळ दुपट्ट्यावर गेली, घामाच्या त्या वासात नाक खुपसलं आणि झोपली. मीही जन्मभर असाच दुपट्टा टाकून सीट धरत आलो. जागा कुणी धरली, हे मला तिथंच समजायला हवं होतं.

सकाळी दव पडून माती ओली झाली होती. साडभाऊ दूध घेऊन आले ते खुंटीपाशीच थांबले. बिबट्याचे पंजे खुंटीभोवती फिरलेले दिसत होते, एक तर खुंटीला अगदी लागून. सगळ्यांनी आधी खुंटीकडे पाहिलं, मग कंडक्टरभाऊंकडे. मनगटाला पट्टा तसाच होता आणि बुंदी त्यांच्या पायाशी पोट वर करून पडली होती. भीती वाटायच्या आधीच माझा जळफळाट झाला. मी मोठ्यानं म्हणालो, "तंबूचं कापड जाड होतं म्हणून वाचली. दुसऱ्याचा तंबू असता तं फाडला असता." कंडक्टरभाऊ म्हणाले, "होय ना, कापड तं मजबूत हाय तुह्यं. चाल, चहा ठेव." ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. लगेच कबूल होणाऱ्या माणसाशी सौदा मोडायचा तरी कसा?

राजुऱ्याला परतल्यावर बुंदी 'बुंदी' म्हटलं तर एक कान हलवायची आणि 'हाफ तिकीट' ऐकलं, की उभी राहायची. कंडक्टरभाऊ मागच्या गल्लीत एकटेच राहत. त्यांच्या मंडळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. संध्याकाळ झाली, की ही तिकडे. मी खाटकाकडून कलेजी आणून तिच्यापुढे ठेवू लागलो. गल्लीत त्यांचा खोकला ऐकू आला, की कलेजी जागेवर आणि बुंदी पसार.

एकदा मी तिला आणायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "मंडपवाले, एवढा काऊन जळून राह्यला बे?"

"जळत नाई. माह्यं ते माह्यं."

"बरं बावा, तुह्यं." त्यांनी पायानं तिला हळूच माझ्याकडे ढकललं. ती अर्ध्या वाटेपर्यंत आली, गल्लीच्या मधोमध बसली आणि मान वळवून त्यांच्याकडेच पाहत राहिली.

घरी बायको म्हणाली, "गिऱ्हाइकासारखा तिच्याशी भाव नका करू हो. ती तुमाले सोडून नाई गेली, दोघायले धरून हाय." मी म्हटलं, "मले अर्धं नको." ती म्हणाली, "मंग पुरं कोन देनार हाय तुमाले?" त्या रात्री मी जेवलो नाही.

रागानं लिहितो आहे, पण खोटं लिहिणार नाही. कंडक्टरभाऊंनी तिला एकदाही हाक मारून बोलावलं नाही. माझ्या बायकोला विचारल्याशिवाय तिच्या तोंडात पोळीचा तुकडा घातला नाही. दिवे लागले, की ते स्वतः तिच्या मागे मागे आमच्या दारापर्यंत यायचे, ती आत शिरली, की फाटकावर दोन थापा मारायचे आणि परत फिरायचे. त्यांचं काही चुकलं असतं तर मी केव्हाच तोंड सोडलं असतं. चूक काढायला त्यांनी जागाच ठेवली नाही, माझ्या मनात सलतं ते हेच.

गेल्या पावसाळ्यात त्यांचे डोळे अधू झाले. मुलगा हैदराबादला असतो, तो न्यायला आला. माझी खात्री होती, की ते बुंदीला मागणार. मी गोदामात एकट्यानं उत्तरं घोकली. आधी साफ नाही म्हणायचं, मग आढेवेढे घ्यायचे, त्यांना चार वेळा मागायला लावायचं. पुढे काय करायचं, ते मी ठरवलं नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी ते आले, चहा घेतला, बल्लारपूरच्या रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलले आणि उठले. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"कुतरं नाई मागत काय?"

"तुह्यं हाय ना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बुंदी घरात जेवत होती तेव्हा ते निघाले. बायकोला एवढंच सांगून गेले, "गाडी गेल्यावर सोडा बाई तिले बाहेर."

ती पुरी माझी झाली. पहिले काही दिवस मला फार आनंद झाला, हे मी लपवत नाही. मग दिसायला लागलं, की रोज संध्याकाळी ती त्यांच्या कुलूप लावलेल्या दाराशी जाऊन बसते आणि मी उचलून आणेपर्यंत उठत नाही.

या पुसात मी तिला पुन्हा त्याच बांधीत नेलं. पट्टा स्वतःच्या मनगटाला बांधला. काटे लांब नेऊन पुरले, पाणी कॅनमधलंच दिलं, दिवस बुडायच्या आत सगळ्यांना हाकून तंबूत घातलं. मित्र म्हणाले, "मंडपवाले, मानलं तुमाले." बुंदीला ओरखडासुद्धा आला नाही. पण दोन्ही दिवस ती माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसली होती. गाडीचा आवाज आला, की उभी राहायची. पट्टा ओढला, की यायची, कुणीही ओढला असता तरी आली असती तशी.

मी तिथूनच कंडक्टरभाऊंना फोन लावला. म्हटलं, "तिच्या कानाले फोन लावतो. दोन शब्द बोला."

ते म्हणाले, "नको बावा. आवाज ऐकला तं शोधत फिरल."

म्हणजे ती आपल्याला शोधेल, हे त्यांना माहीत होतं. मागं काय ठेवून चाललो आहोत, हे ठाऊक असून हा माणूस माझ्याशी खड्ड्यांवर बोलत चहा प्यायला. म्हणून हे मी चारचौघांपुढे मांडतो आहे. डोळ्यांना दिसत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. कंडक्टरभाऊ, एकदा राजुऱ्याला या. मला काही सांगू नका, माझं मी पाहून घेईन. तिच्यासमोर जमिनीवर बसा आणि तिला न भेटता का गेलात, त्याचं उत्तर तिला द्या.