लोरेनीचं गटार

दक्षिण ब्राझीलमधल्या आमच्या शहरात खाणीची टेकडी म्हणून एक वस्ती आहे. तिथली दगडाची खाण बंद पडून बरीच वर्षं झाली, पण खाणीत राबलेले लोक तिथेच राहिले. दोना लोरेनी, म्हणजे लोरेनीबाई, त्यांतलीच. तिचा नवरा ओतासिल्यो एकोणीस वर्षं दगड फोडत होता. खाण बंद झाली तेव्हा त्याला मिळाला तो फक्त खोकला. घर चालायचं लोरेनीच्या इस्त्रीवर. सपाटीवरच्या बंगल्यांतून ती कपड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन वर यायची आणि घराला लागून टाकलेल्या पत्र्याच्या पडवीत दिवसभर उभी राहून इस्त्री करायची.

टेकडीच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक उघडं गटार वाहायचं. घराघरांच्या मधून, काही ठिकाणी तर थेट उंबऱ्याखालून. लोरेनीची नात काविळीनं महिनाभर दवाखान्यात पडली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घराजवळ सांडपाणी आहे का?" लोरेनी म्हणाली, "सांडपाण्याजवळ घर आहे, बाई."

त्याच सुमारास महापालिकेत नवी माणसं निवडून आली आणि त्यांनी एक नवीनच टूम काढली. शहराचं वर्षाचं अंदाजपत्रक ठरवायचं तर आधी प्रत्येक भागात सभा घ्यायची. आपल्याकडे काय आधी व्हायला हवं ते लोकांनी सांगायचं आणि हात वर करून ठरवायचं. सभेला येणाऱ्या दर दहा माणसांमागे एक प्रतिनिधी. त्या प्रतिनिधींनी मग महापालिकेबरोबर बसून कामांची यादी पक्की करायची.

टेकडीवर कुणाचा विश्वास बसला नाही. आश्वासनांनी पोट भरलेली वस्ती ती. शिवाय रहिवासी संघाचा अध्यक्ष सेऊ वाल्दोमिरो, म्हणजे वाल्दोमिरोशेठ, याला ही सभा मुळीच नको होती. टेकडीवरचं एकुलतं एक दुकान त्याचं, सरकारी दुधाची कुपनं वाटायचं काम त्याचं, आणि निवडणुकीत नगरसेवकाला मतं गोळा करून देण्याचं कामही त्याचंच.

"काय दोना लोरेनी, सभेला निघालात म्हणे?" त्यानं भर दुकानात विचारलं.

"निघाले."

"दुधाची कुपनं कुठून येतात, ठाऊक आहे ना?"

"आहे की. सरकारकडून येतात. तुमच्या गल्ल्यातून नाही."

"नगरसेवकसाहेबांनी वीस वर्षं ही टेकडी सांभाळलीय."

"वीस वर्षांत एक नळ दिला. तोही तुमच्या दारात. त्याच्यापुढे आम्ही हंडे घेऊन उभ्या राहतो, आणि तुम्ही आम्हाला सांभाळता होय?"

पुढच्या आठवड्यात तिच्या घरची कुपनं आली नाहीत. "यादीतून नाव गळलंय," वाल्दोमिरो म्हणाला. लोरेनी रांगेतच उभी राहिली आणि मागच्या प्रत्येक बाईला शांतपणे सांगत सुटली, "माझं नाव गळलं हं. सभेला जाते म्हणून." त्या बायका घाबरल्या. सभेच्या दिवशी टेकडीवरून उतरली अवघी नऊ माणसं. दहा असती तर एक प्रतिनिधी मिळाला असता. शाळेच्या व्यायामशाळेत भलीमोठी सभा भरलेली, आणि टेकडीच्या वतीनं बोलायला माणूस नाही. नावं नोंदवायला टेबलाशी बसलेल्या मुलीनं तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. लोरेनीनं तिला मध्येच थांबवलं. "नियम बरोबर आहे, पोरी. चूक आमची आहे. ती घरी जाऊन निस्तरते."

वाल्दोमिरो महिनाभर तिला 'नऊवाली बाई' म्हणत होता.

पण त्या सभेनंतर सपाटीवरच्या एका वस्तीला नवा फरसबंदी रस्ता मिळाला. तिथून दोनशेवर माणसं सभेला आली होती. हे लोरेनीनं डोळ्यांनी पाहिलं आणि एका रविवारी ती टेकडीवरच्या बायाबापड्यांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन त्या रस्त्यावर गेली. थंडीचे दिवस होते. तिथले लोक उन्हात संत्री सोलत बसले होते. लोरेनीनं सगळ्यांना रस्त्याच्या मधोमध उभं केलं.

"पायाखाली बघा. ओळखीचा वाटतो का दगड?"

ओतासिल्योबरोबर काम केलेला एक म्हातारा वाकला आणि त्यानं चिऱ्यावरून हात फिरवला. "जुना दगड उखडून पुन्हा बसवलाय," तो म्हणाला. "आपल्याच खाणीतला."

"मग? आपल्या माणसांच्या छातीत ज्याची धूळ बसली, त्या दगडावरून हे चालतात. हे आपल्याहून शहाणे नाहीत, यांची जात वेगळी नाही. हे फक्त सभेला आले. आणि आपण कुपनांना भिऊन घरात बसलो."

पुढच्या वर्षी एकशे त्रेसष्ट माणसं उतरली. म्हातारे, लेकुरवाळ्या, रात्रपाळी करून आलेले. वाल्दोमिरोही आला होता. आपल्या दुकानासमोरचा रस्ता पक्का व्हावा म्हणून त्यानं एक टेम्पो भरून माणसं आणली होती. गटारासाठी हात वर करा म्हटल्यावर त्या टेम्पोतल्या निम्म्या माणसांनी हात वर केले. त्यात त्याची बायकोही होती. "तुला कळतंय का कशाला हात वर केलास?" त्यानं दात खाऊन विचारलं. ती म्हणाली, "वास मलाही येतो."

टेकडीला सोळा प्रतिनिधी मिळाले. लोरेनी त्यांत पहिली. वर्षअखेर महापालिकेनं कामांची छापील पुस्तिका काढली. लोरेनीला वाचता यायचं ते जेमतेम, पण सदतिसाव्या पानावरची ती ओळ तिला पाठ झाली: 'खाणीची टेकडी, बंद गटार, माथा ते पायथा.'

आणि मग काहीच झालं नाही. मार्च गेला, मे गेला. लोरेनी दर मंगळवारी ड्रेनेजच्या कचेरीत जाऊन बसू लागली. इस्त्रीचे कपडे पोचवायचे आणि तिथून थेट कचेरी. शेवटी विल्मार नावाच्या तरुण इंजिनियरनं तिला आत बोलावलं. पोरगा भला होता, पण त्याच्यापुढे नकाशा होता आणि नकाशात नकार होता.

"दोना लोरेनी, तांत्रिकदृष्ट्या जमणार नाही. खाली अखंड कातळ आहे. गल्ल्या अरुंद, मशीन वर चढत नाही. काम रद्द करावं असा मी अहवाल देतोय."

लोरेनीनं पुस्तिका उघडून टेबलावर ठेवली. "हे कोणी लिहिलं?"

"महापालिकेनं."

"नाही. आम्ही ठरवलं, महापालिकेनं छापलं. तुम्ही एकट्यानं कसं खोडणार?"

"अहो, दगड आहे तो. मी काय करू?"

"हाच दगड माझ्या नवऱ्यानं एकोणीस वर्षं फोडला. तुमच्या या कचेरीच्या पायऱ्या त्याच दगडाच्या आहेत. तुमच्या पायऱ्या करायच्या तेव्हा तो फुटत होता. आमच्या गटाराची वेळ आली आणि तो अखंड झाला?"

लोरेनी उठली. "गुरुवारी वर या. नकाशा आणा हवा तर."

ओतासिल्यो दोन वर्षांत घराच्या दाराबाहेर फारसा पडला नव्हता. गुरुवारी तो काठी टेकत निघाला. पाच पावलं चालायचा, थांबायचा, खोकायचा. विल्मारनं त्याचा दंड धरायला हात पुढे केला, तो त्यानं झिडकारला. माथ्यावर पोचल्यावर म्हातारा उकिडवा बसला, बोटांनी माती बाजूला सारली आणि म्हणाला, "लाकडाला जशी रेघ असते, तशी दगडाला शीर असते. तुमची आखणी शिरेला आडवी गेलीय. आडवा मारलात तर तोफेनंही फुटणार नाही. ही शीर बघा, अशी खाली जाते. हिच्या अंगानं गेलात तर छिन्नीनं उघडेल."

"खात्रीनं?"

"छिन्नी आण," ओतासिल्यो बरोबर आलेल्या खाणीतल्या जुन्या सोबत्याला म्हणाला.

त्यानं स्वतः तीन घाव घातले. चौथा त्याच्यानं होईना, तेव्हा त्या सोबत्यानं घातला. कातळ हातभर सरळ उकलला. विल्मारनं गुडघ्यांवर बसून त्या भेगेत बोट घालून पाहिलं. मग त्यानं खिशातली पेन्सिल काढली आणि नकाशावरची आखणी खोडून म्हातारा दाखवेल तशी नवी ओढू लागला.

शीर वळणं घेत घेत खाली आली, आणि नेमकी लोरेनीच्या इस्त्रीच्या पडवीखालून गेली.

विल्मार ओशाळला. "इथे थोडं वळवता येतं का बघतो."

ओतासिल्योनं नकारार्थी मान हलवली. लोरेनीनं पडवीकडे एकदा पाहिलं. बावीस वर्षं ती तिथे उभी राहिली होती. तिकडे वाल्दोमिरो वस्तीभर सांगत फिरला, "बघा, आता स्वतःचं जायची वेळ आली की बाई आखणी फिरवतील." दुसऱ्या दिवशी सकाळी लोरेनीनं स्वतः शिडी लावली आणि पत्रे उतरवले. ते पत्रे तिनं वाल्दोमिरोच्या दुकानासमोरून, मुद्दाम आवाज करत, ओढत नेले. इस्त्री मग झोपायच्या खोलीत आली. उन्हाळ्यात त्या खोलीत बसवत नसे आणि ओतासिल्यो अंगणात झोपायचा.

कंत्राटदारानं खाणीतली जुनी माणसं कामावर घ्यावीत, हेही तिनं सभेत भांडून मिळवलं. ऑक्टोबरात शेवटचा पाइप बसला आणि जुनं उघडं गटार बुजलं.

कार्यक्रमाला महापालिकेचे एक अधिकारी आले. भाषणाआधी ते लोरेनीच्या कानाशी लागले, "दोना लोरेनी, महापौरांचे दोन शब्दांत आभार माना हं."

तिच्या हातात माईक आला. "आभार मानायला मला सांगितलंय," ती म्हणाली. अधिकाऱ्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. "आम्ही मीठ घेतो, साबण घेतो, त्यावर कर देतो. आमच्याच पैशानं आमचं गटार झालं. दगड आमचा, शीर माझ्या नवऱ्यानं दाखवली, खोदलं आमच्या माणसांनी. मी आभार मानते एकशे त्रेसष्ट जणांचे. आणि या इंजिनियरचे, कारण त्यानं आपलं चुकल्याचं कबूल केलं. ते फार थोड्यांना जमतं."

विल्मारचे कान लाल झाले. टाळ्या वाजल्या त्या बराच वेळ वाजल्या.

ओतासिल्यो पुढच्या हिवाळ्यात गेला. लोरेनी अजून सभेला जाते. पुढच्या वर्षी तिनं नदीकाठच्या दुसऱ्या वस्तीतल्या पाळणाघरासाठी मत दिलं, कारण तिथली अवस्था तिनं जाऊन पाहिली होती. टेकडीवरचे काही लोक तिच्याशी भांडले. "आपला रस्ता राहिला की," ते म्हणाले.

"राहिला," ती म्हणाली. "मग पुढच्या वेळी तीनशे जण या, आणि मला पाडा."

ते आले नाहीत, आणि ती पुन्हा निवडून आली.